फोनच्या खोक्यावर न छापलेली तारीख

२०२५ साल उजाडेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ५.० च्या खालच्या सगळ्या आवृत्त्यांना रामराम ठोकला होता. त्यात जे फोन निकालात निघाले, त्यांत सॅमसंगचा गॅलेक्सी एस ३ होता. २०१२ च्या मेअखेरीस तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ४३ हजार रुपये होती आणि खिशातून तो बाहेर काढला की शेजारी बसलेला माणूस ‘जरा बघू’ म्हणत हात पुढे करायचा. पावणेदोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, मोटोरोलाचा मोटो जी फ्लिपकार्टवर १२,४९९ रुपयांना आला. रॅम दोघांचीही १ जीबी. सॅमसंगने २०१४ मध्ये जाहीर केलं, की एवढ्या रॅममध्ये किटकॅट, म्हणजे अँड्रॉइड ४.४, नीट चालणार नाही. एस ३ तिथेच, ४.३ वर, थांबला. मोटो जीला त्याच १ जीबीमध्ये किटकॅट मिळालं आणि २०१५ मध्ये लॉलिपॉपही. लॉलिपॉप म्हणजेच अँड्रॉइड ५.०. जवळजवळ साडेतीनपट किमतीचा फोन व्हॉट्सअ‍ॅपच्या दारात अडला आणि स्वस्तातला आत गेला, तो या एका अपडेटमुळे.

हार्डवेअरने ही शर्यत ठरवली नव्हती. सॅमसंगने अँड्रॉइडवर टचविझ नावाचा स्वतःचा जाड थर चढवला होता. मोटोरोला त्या वेळी गूगलच्या मालकीची होती आणि तिचं अँड्रॉइड जवळजवळ निखळ होतं. स्मार्टफोनवरच्या बहुतेक चर्चा मेगापिक्सेल, चार्जिंगचे वॉट आणि घडीच्या पडद्याची बिजागरी यांच्याभोवती फिरतात. फोन खरोखर किती वर्षं वापरता येणार, हे मात्र त्याला अपडेट कोण देणार, किती काळ देणार आणि ते कधीपासून मोजणार यावर ठरतं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या प्रश्नाची उत्तरं बरीच बदलली. ती बदलण्यात कंपन्यांच्या सद्बुद्धीचा वाटा कमी आणि बाहेरून आलेल्या दबावाचा जास्त आहे.

मराठी वाचकाला अपडेटचं मोल तर फार लवकर कळलं होतं. भारतात अँड्रॉइड आलं २००९ मध्ये, एअरटेलने आणलेल्या एचटीसी मॅजिकसोबत. पुढच्या दोन-तीन वर्षांत फ्रोयो आणि जिंजरब्रेड या अँड्रॉइड आवृत्त्यांवर चालणारे फोन घरोघरी पोचले. पण त्यांतल्या अनेकांत देवनागरीचा फाँटच नव्हता. मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं की ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. काही कंपन्यांनी फाँट घातला, तर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. त्यावर तोडगा होता ऑपेरा मिनीचा. पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा कॉन्फिग’चा पत्ता इंग्रजीत टाकायचा, उघडलेल्या यादीत अगदी खाली जायचं आणि गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपात दाखवण्याचा पर्याय चालू करायचा. मग मजकूर सर्व्हरवरच चित्र होऊन येई आणि मराठी वाचता येई. हे एकमेकांना शिकवत लोकांनी दोन-तीन वर्षं काढली. आइसक्रीम सँडविचपासून देवनागरी बरीच सुधारली आणि लॉलिपॉपने २०१४ मध्ये मेन्यूच्या भाषांत जी नवी भर घातली, तिच्यात मराठी होती. ज्याचा फोन जिंजरब्रेडवर अडकला, त्याला नवा फोन घेईपर्यंत त्या चौकोनांतून सुटका नव्हती. फोन धडधाकट होता, पण त्याला मराठी येत नव्हतं.

फोन असा अडकतो कशामुळे? सगळं खापर फोन बनवणाऱ्या कंपनीवर फोडणं सोपं आहे आणि अर्ध्या वेळा ते बरोबरही असतं. पण साखळी लांब आहे. गूगल नवी आवृत्ती काढतं. क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिप बनवणारी कंपनी त्या आवृत्तीसाठी आपल्या चिपचे ड्रायव्हर तयार करते. त्यावर फोन कंपनी आपली सजावट, आपला कॅमेरा, आपली अ‍ॅप बसवते. काही देशांत मोबाइल सेवा देणारी कंपनी पुन्हा वेगळी चाचणी घेते. यातल्या एकाने जरी हात आखडता घेतला, तरी ग्राहकाच्या हाती काही पडत नाही.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण खुद्द गूगलच्या घरातलं आहे. गॅलेक्सी नेक्सस हा २०११ चा फोन, सॅमसंगने बनवलेला, पण अपडेट थेट गूगलकडून मिळणारा. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप चिप होती. २०१२ मध्ये या कंपनीने मोबाइल चिपच्या धंद्यातून अंग काढून घेतलं आणि २०१३ मध्ये किटकॅट आलं तेव्हा गूगलने नेक्ससच्या मालकांना कळवलं, की तुमचा अठरा महिन्यांचा काळ संपला आहे. अँड्रॉइडच्या जन्मदात्याचा फोन दोन वर्षांत उघड्यावर पडला. २०१६ मध्ये सोनीची तीच गत झाली. एक्स्पीरिया झेड ३ वर सोनीने नूगा या नव्या अँड्रॉइडची चाचणी आवृत्ती लोकांना वापरायलाही दिली होती; अंतिम अपडेट मात्र आलंच नाही, कारण नूगाला लागणारे ग्राफिक्सचे ड्रायव्हर स्नॅपड्रॅगन ८०१ या चिपसाठी मिळाले नाहीत. चाचणीत चाललेली गोष्ट ग्राहकाला नाकारावी लागते, तेव्हा अडचण तांत्रिकपेक्षा व्यापारी असते. जुन्या चिपसाठी अभियंते बसवून चिप कंपनीला एक पैसाही मिळत नाही. तिची कमाई नव्या चिपवर होते.

मायक्रोसॉफ्टने तर याहून वाईट केलं. विंडोज फोनवर चालणारा नोकियाचा लुमिया ९०० अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये वाजतगाजत आला आणि जूनमध्ये जाहीर झालं, की विंडोज फोन ८ त्याला मिळणार नाही. दोन महिन्यांत फोन जुना! विंडोज फोन पुढे का बुडाला याची कारणं अनेक आहेत, पण ग्राहकाचा विश्वास उडाला तो त्या उन्हाळ्यात.

या गोंधळावर पहिला सामुदायिक उपाय गूगलने मे २०११ मध्ये जाहीर केला. सॅमसंग, एचटीसी, एलजी, सोनी एरिक्सन, मोटोरोला आणि अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्या एकत्र आल्या आणि नव्या फोनला बाजारात आल्यापासून अठरा महिने अपडेट देण्याचं त्यांनी ठरवलं. त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही. देखरेख नव्हती, दंड नव्हता, की कुणी किती पाळलं याचा जाहीर हिशेबही नव्हता. वर्षभरात त्या आघाडीचं नावही कुणी घेईनासं झालं.

खरा हादरा दिला भीतीने. जुलै २०१५ मध्ये झिंपेरियम या सुरक्षा कंपनीतल्या जोशुआ ड्रेकने स्टेजफ्राइट नावाची उणीव जगापुढे आणली. अँड्रॉइडमधला व्हिडिओ चालवणारा भाग इतका कच्चा होता, की नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं. काही वेळा मालकाला काही उघडायचीही गरज नव्हती. सुमारे ९५ कोटी फोन या उणिवेच्या तावडीत असल्याचा अंदाज दिला गेला. पुढच्याच महिन्यात गूगल आणि सॅमसंगने दर महिन्याला सुरक्षेचे पॅच देण्याची घोषणा केली. आवृत्तीचं अपडेट वेगळं आणि सुरक्षेचं वेगळं, ही आज सरावाची झालेली विभागणी तिथून रुळली.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात गेलं, की आज अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. गूगल प्ले सिस्टिम अपडेट नावाची दुसरी तारीख आवृत्तीच्या माहितीत किंवा सुरक्षेच्या पानावर सापडते. बऱ्याच फोनांत या दोन तारखांत काही महिन्यांचं, कधी वर्षाचं अंतर असतं. पहिली फोन कंपनीच्या हातात, दुसरी थेट गूगलच्या. आवृत्तीचा आकडा लोक मित्रांना सांगतात. पण ज्या फोनवरून पैसे पाठवले जातात, त्याच्यासाठी पहिली तारीख अधिक मोलाची आहे. दोन वर्षं जुन्या आवृत्तीवर ताजा पॅच असलेला फोन हा नव्या आवृत्तीवर शिळा पॅच असलेल्या फोनपेक्षा बरा. गॅजेटप्रेमींनी तरी आवृत्तीच्या आकड्याचा सोस थोडा कमी करायला हवा.

त्या तारखेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, हे २०१८ मध्ये दिसलं. सिक्युरिटी रिसर्च लॅब्ज या जर्मन संस्थेच्या कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी सुमारे बाराशे फोनांचं सॉफ्टवेअर तपासलं. काही कंपन्यांनी तारीख पुढची दाखवली होती, पण त्या तारखेपर्यंतचे सगळे पॅच आत घातलेच नव्हते. काही ठिकाणी हा निष्काळजीपणा असेल, काही ठिकाणी चिप कंपनीकडून पॅच आलाच नसेल. पण ग्राहकाला दिसतं ते एवढंच, की फोन सुरक्षित आहे असं पडद्यावर लिहिलंय आणि तो तसा नाही. नवीन अपडेट उशिरा येण्यापेक्षा हा प्रकार गंभीर आहे.

दरम्यान गूगलने मुळातून दुरुस्ती सुरू केली होती. २०१७ मध्ये ओरिओसोबत प्रोजेक्ट ट्रेबल आलं. त्यात चिपच्या ड्रायव्हरचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले गेले, जेणेकरून दर वेळी चिप कंपनीच्या दारात जाऊन उभं राहावं लागू नये. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत प्रोजेक्ट मेनलाइन आलं आणि सुरक्षेचे काही महत्त्वाचे तुकडे प्ले स्टोअरच्या वाटेने थेट फोनमध्ये उतरू लागले. ही कामं दिसत नाहीत, त्यांच्या जाहिराती होत नाहीत. फळ यायलाही वेळ लागला: पाय ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि मे २०१९ मध्ये गूगलने दिलेल्या आकडेवारीत तिचा वाटा होता फक्त १०.४ टक्के. तरीही अँड्रॉइडच्या इतिहासातलं ग्राहकाच्या सर्वाधिक उपयोगाचं काम कोणतं, या प्रश्नाचं उत्तर कुठला कॅमेरा किंवा कुठली एआय नसून ट्रेबल आणि मेनलाइन हेच आहे.

भारताच्या वाट्याला एक वेगळा प्रयोग आला. १५ सप्टेंबर २०१४ ला दिल्लीत सुंदर पिचाई यांनी अँड्रॉइड वन सुरू केलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून, आत मीडियाटेकची एकच चिप आणि अपडेट थेट गूगलकडून. चिप एकच ठेवली, की साखळीतली निम्मी गाठ सुटते, हा त्यातला शहाणपणा. फोन आधी केवळ ऑनलाइन विकले गेल्याने गल्लीतला दुकानदार दुखावला आणि विक्री मंदावली. पण शब्द पाळला गेला. किटकॅटवर आलेल्या या फोनांना पुढे लॉलिपॉप आणि मार्शमेलो मिळालं. सहा-साडेसहा हजारांच्या फोनला दोन मोठी अपडेट ही त्या काळी जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. पुढे अँड्रॉइड वनचा शिक्का शाओमीच्या एमआय ए १ वर आला, सप्टेंबर २०१७ मध्ये, १४,९९९ रुपयांना. त्याच मालिकेतल्या एमआय ए ३ ची गोष्ट मात्र दुःखद आहे. वर्षाच्या टोकाला, जानेवारी २०२१ च्या आसपास, त्याला अँड्रॉइड ११ चं अपडेट आलं आणि ते टाकताच अनेकांचे फोन पूर्ण बंद पडले. बटण दाबा, चार्जर लावा, पडदा काळाच. कंपनीला अपडेट थांबवून सर्व्हिस सेंटरमध्ये फोन फुकट दुरुस्त करून द्यावे लागले.

अपडेट न येणं जितकं वाईट, तितकंच घाईचं अपडेटही. सॅमसंगने वन यूआय ७ साठी ग्राहकांना कित्येक महिने थांबवलं, एप्रिल २०२५ मध्ये ते गॅलेक्सी एस २४ ला द्यायला घेतलं आणि कोरियात काही फोन अनलॉक होईनात म्हणून वाटप मध्येच थांबवलं. म्हणून जाणकार मंडळी मोठं अपडेट आलं की आठ-पंधरा दिवस थांबतात आणि सुरक्षेचा पॅच मात्र लगेच टाकतात. सवय चांगली आहे.

अ‍ॅपलचं नाव या चर्चेत आदर्श म्हणून घेतलं जातं आणि त्याला आधार आहे. आयफोन ५एस सप्टेंबर २०१३ मध्ये आला. जानेवारी २०२३ मध्येही त्याला सुरक्षेचं अपडेट मिळालं. आयफोन ६एस आयओएस ९ वर जन्मला आणि आयओएस १५ पर्यंत चालला. चिप, फोन आणि सॉफ्टवेअर एकाच घरात बनत असल्याने इथे साखळीच नाही. तरीही विश्वासाला तडा गेलाच. डिसेंबर २०१७ मध्ये फोनचा वेग मोजणारं गीकबेंच बनवणाऱ्या जॉन पूलने चाचण्यांचे आलेख मांडून दाखवलं, की आयओएसच्या ठराविक आवृत्तीनंतर जुने आयफोन ६एस आणि ७ मंदावलेले दिसतात. अ‍ॅपलने कबुली दिली: म्हातारी बॅटरी एकदम जास्त वीज पुरवू शकत नाही, फोन अचानक बंद पडतो, म्हणून वेग कमी केला. कारण तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. पण ग्राहकाला ते सांगितलं नव्हतं. त्याची समजूत झाली होती, की फोन थकला, आता नवा घ्यावा. नवी बॅटरी घालून जे काम झालं असतं, त्यासाठी लोकांनी नवे फोन घेतले. माफी मागून अ‍ॅपलने बॅटरी बदलण्याचा दर खाली आणला, भारतात साडेसहा हजारांच्या घरातून दोन हजारांच्या आसपास. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याआधी, २०१८ मध्ये, इटलीने अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड ठोकला होता. सॅमसंगचा गुन्हा हा, की न पेलणारं अपडेट नोट ४ च्या मालकांच्या गळ्यात मारलं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए ला आपोआप उतरणारं एक अपडेट पाठवलं आणि काही फोनांची बॅटरी अर्धा दिवसही पुरेना. बॅटरी तापण्याचा धोका होता आणि गूगलने बॅटरी फुकट बदलून देण्याचा किंवा भरपाईचा पर्याय दिला. अ‍ॅपलच्या प्रकरणाशी तुलना केली तर लपवाछपवी कमी. पण विकत घेतलेल्या वस्तूची क्षमता दुरून, रात्रीतून कमी करण्याचा अधिकार कंपनीला आहे, ही गोष्ट या निमित्ताने सगळ्यांच्या लक्षात आली.

कंपनीने हात वर केल्यावर लोकांनी स्वतः काय केलं, तो इतिहास सगळ्यांत उमेदीचा आहे. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिकने सायनोजेनमॉड सुरू केलं आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या फोनांवर हौशी अभियंते नवं अँड्रॉइड चढवू लागले. आज अवाढव्य झालेल्या शाओमीची सुरुवातही अशाच रॉमपासून, म्हणजे बदल करून बनवलेल्या अँड्रॉइडपासून, झाली: मीयूआय ऑगस्ट २०१० मध्ये आलं, शाओमीचा स्वतःचा पहिला फोन त्यानंतर वर्षभराने. इकडे इंजिनीअरिंगच्या होस्टेलांत रात्र-रात्र रॉम फ्लॅश करणारी एक पिढी तयार झाली; बाजारातला दुरुस्तीवाला त्यालाच ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतो. डिसेंबर २०१४ मध्ये तर हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. भारतात सायनोजेन वापरण्याचा एकाधिकार आपल्याकडे आहे असा मायक्रोमॅक्सचा दावा होता. सायनोजेनवर चालणाऱ्या वनप्लस वन या फोनच्या विक्रीवर बंदी आली आणि काही दिवसांत उठली. दोन वर्षांनी सायनोजेनमॉडमधून उभी राहिलेली सायनोजेन कंपनीच बंद पडली. स्वयंसेवकांनी त्याच पायावर लिनिएजओएस उभं केलं, ते आजही चालू आहे.

पण ही वाट आता अरुंद होत चालली आहे आणि ती अरुंद करण्यात पैशांच्या व्यवहाराचा मोठा हात आहे. नवं अँड्रॉइड चढवण्यासाठी फोनचं कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडला की गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीत फोन नापास होतो आणि बँकांची, यूपीआयची बरीच अ‍ॅप चालायला नकार देतात. बँकांची काळजी रास्त आहे. तपासणीचा निकष मात्र तितकासा रास्त नाही: कुलूपबंद फोन, मग त्याचा पॅच तीन वर्षांपूर्वीचा का असेना, अनेक ठिकाणी पास होतो, काल रात्रीचा पॅच घातलेला लिनिएजचा फोन नापास होतो. २०२५ मध्ये गूगलने यात थोडी सुधारणा केली. अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनांना सर्वांत कडक पातळीवर पास होण्यासाठी गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागतो. दिशा योग्य आहे, पण तिचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. उद्या बँकांनी हीच पातळी सक्तीची केली, तर पॅच थांबलेला फोन वर्षभरात यूपीआयसाठी निकामी होईल.

आपल्याकडे याची झळ कुणाला बसेल, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. नवा फोन कमावत्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतो. त्यांचा जुना आईकडे जातो, आईचा गावी आजोबांकडे. भाजीवाल्याला पैसे देणं, पेन्शन जमा झाल्याचं बघणं, गॅसचं बुकिंग, मुंबईतल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल, हे सगळं फोनच्या या तिसऱ्या मुक्कामावर चालतं. ओटीपी मागणाऱ्या भामट्यांचे कॉलही तिथेच येतात. घरातल्या सगळ्यांत कमी सरावलेल्या माणसाच्या हातात घरातला सगळ्यांत कमी सुरक्षित फोन असतो.

म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला सात वर्षं आवृत्त्या आणि सुरक्षा अपडेट देण्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस २४ साठी तेच वचन दिलं, तेव्हा ती त्या वर्षांतली सगळ्यांत मोठी बातमी होती. नंतर सॅमसंगने ए १६ सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षं दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून आठ वर्षांपर्यंत साथ देण्याची तयारी दाखवली. म्हणजे साखळीतली सगळ्यांत हट्टी कडी हलली. अर्थात हे अशक्य नाही, हे अॅमस्टरडॅमच्या फेअरफोन या छोट्या कंपनीने आधीच दाखवून दिलं होतं. २०१५ चा फेअरफोन २ त्यांनी २०२३ पर्यंत सांभाळला आणि फेअरफोन ५ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रांसाठी बनलेली क्वालकॉमची चिप मुद्दाम घातली, कारण औद्योगिक चिपना साथ दीर्घकाळ मिळते. मूठभर माणसांच्या कंपनीला जे जमलं, ते अब्जावधी कमावणाऱ्यांना इतकी वर्षं जमत नव्हतं, हे पटत नाही.

सात वर्षांच्या या वचनात दोन खाचा आहेत. पहिली मोजणीची. वर्षं मोजतात ती फोन बाजारात आल्यापासून, ग्राहकाने घेतल्यापासून नव्हे. गॅलेक्सी एस २४ ची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपते. २०२५ च्या दिवाळीत सेलमध्ये तो घेणाऱ्याला सात नव्हे, सव्वापाच वर्षं मिळतात. मध्यम किमतीच्या फोनमध्ये, जिथे मुळात तीन-चार वर्षांचं वचन असतं, तिथे हे अंतर फार बोचतं. आपल्याकडे तर दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये घेणं हाच शहाणपणा मानला जातो. सवलतीतला बराचसा भाग अशा वेळी अपडेटच्या वर्षांतून कापलेला असतो.

दुसरी खाच अपडेटच्या आतल्या ऐवजाची. जून २०२४ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपल इंटेलिजन्स हे आपलं एआय जाहीर केलं, तेव्हा वर्षभरही न झालेल्या आयफोन १५ ला ते मिळणार नव्हतं. १५ प्रो हवा होता. गूगलने मार्च २०२४ मध्ये आधी सांगितलं, की हार्डवेअरच्या मर्यादेमुळे पिक्सेल ८ वर जेमिनी नॅनो हे त्यांचं एआय चालणार नाही, आणि नाराजी वाढल्यावर काही आठवड्यांत ते चालवायचं ठरवलं. गॅलेक्सी एस ३ च्या १ जीबीची आठवण यावी असंच हे. हार्डवेअरची सबब दर वेळी खोटी नसते, पण दर वेळी तपासून घ्यायला हवी.

न्यायालयातून हा प्रश्न सुटलेला नाही. नेदरलँड्समधल्या कोन्सुमेंटेनबॉन्ड या ग्राहक संघटनेने २०१६ मध्ये सॅमसंगवर अपडेटसाठी खटला भरला आणि २०१८ मध्ये ती तो हरली. कायद्याने मात्र काम केलं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार हे जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक झालं. नेहमी मोघम राहणाऱ्या अ‍ॅपललाही त्यामुळे किमान पाच वर्षं, असं लेखी द्यावं लागलं. युरोपीय संघाचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. त्यात अपडेटची किमान पाच वर्षं मोजायची ती त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून. शेवटी घेणाऱ्या ग्राहकालाही त्यात संरक्षण मिळतं. वरच्या पहिल्या खाचेवर हाच खरा इलाज आहे. सुटे भाग सात वर्षं मिळायला हवेत, ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरायला हवी, हेही त्या नियमांत आहे.

भारतात पाया तयार आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किरकोळ किंमत आणि निर्मितीचा महिना-वर्ष छापावंच लागतं; ब्रेडच्या पाकिटापासून चाळीस हजारांच्या फोनपर्यंत. ब्रेडवर मुदतही असते, फोनवर नसते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि टॅब्लेटसाठी दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, अवजारं यांच्या बरोबरीने त्यात सॉफ्टवेअर अपडेटलाही स्थान आहे आणि गुण दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या पानावर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून दिसावेत, अशी शिफारस आहे.

ते गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत, आणि सिक्युरिटी रिसर्च लॅब्जच्या तपासणीत जे दिसलं त्यानंतर नुसत्या स्वयंघोषणेवर भागणार नाही. अधूनमधून बाजारातून फोन उचलून त्यातले पॅच तपासणारी यंत्रणा त्यासोबत हवी. सॉफ्टवेअरचे गुण बाकीच्या गुणांत मिसळूनही चालणार नाही. बॅटरी सहज निघते म्हणून चांगले गुण मिळवणारा फोन दोन वर्षांत पॅचविना राहू शकतो. गुणांच्या शेजारी सरळ महिना आणि वर्ष लिहिलं, तर मोबाइलच्या दुकानात ईएमआयचा हप्ता विचारणारा ग्राहक तेही विचारू लागेल. गूगलच्या मदतपानावर पिक्सेलच्या प्रत्येक मॉडेलपुढे असा महिना आजही लिहिलेला आहे. पिक्सेल ८ पुढे ऑक्टोबर २०३० आहे.